पाहुणीचं खरं नाव

भोंग्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच गेले आठ महिने तिच्या तोंडात एक तीळ चांगला टम्म फुगून बसला होता, याचा कुणाला पत्ताच नव्हता.

भोंगा म्हणजे आमच्या गोष्टीतली मुलगी. वय पंधरा, उंची दाराच्या कडीएवढी आणि आवाज असा की तिने गच्चीवरून हाक मारली तर तळमजल्यावरचा माणूस ओ देऊन मोकळा होईल. लहानपणी कुणी भोंगा म्हटलं की ती मान खाली घालायची, कोपऱ्यात जाऊन बसायची. पण यंदा शाळेच्या क्रीडादिनी पहिल्याच शर्यतीला लाउडस्पीकरने मान टाकली, मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला, आणि मागच्या रांगेतून ही उठली, बाकावर चढली आणि तिने सलग तीन तास सगळ्या शर्यतींची नावं, नंबर, निकाल नुसत्या घशाने पुकारले. घसा बसला नाही की एक नाव चुकलं नाही. त्या दिवसापासून भोंगा ही शिवी राहिली नाही, पदवी झाली. आता कुणी भोंगा म्हटलं की ती मान वर करून म्हणते, "बोला."

तर अशा भोंग्याच्या तोंडात तीळ होता, आणि तो तिच्या आत्याचा होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. घरात चार माणसं: बाबा शहर बस चालवतात, आई एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकघर सांभाळते आणि वर्षातले आठ महिने पाण्यावर असते, भोंगा, आणि आत्या. आत्या पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कटिंग मशीनवर काम करते. पाचशे कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करायचा, मशीनमध्ये मागे टेकवायचा, पायाने दाब द्यायचा आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. मग वरून पातं उतरतं आणि गठ्ठ्याची कड अशी कापली जाते की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. दोन बटणं दोन्ही टोकांना, लांब लांब. एका हाताने दोन्ही दाबता येऊच नयेत म्हणून. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे पात्याखाली काय असणार? कागद. बस.

अठरा वर्षं हे काम केल्यामुळे आत्याला वाकडी कड सहन होत नाही. घरात येणारा प्रत्येक कागद ती कापते. विजेचं बिल, शाळेचं वेळापत्रक, आईची जहाजावरून आलेली पत्रंसुद्धा. "समास म्हणजे कचरा," असं तिचं ब्रीदवाक्य. भोंग्याला क्रीडादिनाचं प्रशस्तिपत्रक मिळालं, तेसुद्धा आत्याने चौकटीत बसावं म्हणून इतकं मन लावून कापलं की मुख्याध्यापिकांच्या सहीची शेपटीच गेली.

"आता ती सही उंदरासारखी दिसत नाही," आत्या म्हणाली होती. "उलट चांगलं झालं."

हसरी होती आत्या. पण आठ महिन्यांपूर्वी तिच्या शेजारच्या मशीनवर एक अपघात झाला. तिथल्या कारागिराला घाई होती, म्हणून त्याने एक बटण तारेने बांधून कायमचं दाबून ठेवलं होतं. दुसरं बटण दाबलं की काम झालं, एक हात मोकळा. आणि एका दुपारी तो मोकळा हात कागद सारखा करायला आत गेला. आत्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने पाहिलं.

त्यानंतर तिची झोप उडाली. कारखान्याच्या दारात पोचली की छातीत कुणी जात्यावर दळायला बसल्यासारखं व्हायचं, हात थरथरायचे, तोंडाला कोरड पडायची. ती कुणाला काही न सांगता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मनाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

भोंग्याला ते कळलं ते साखरेचा डबा शोधताना. साखरेच्या मागे एक चपटी पत्र्याची डबी निघाली आणि तिच्यात गोळ्यांची पाकिटं.

"ही कसली डबी?" तिने विचारलं.

"पाहुणी आहे," आत्या म्हणाली. "दोन आठवड्यांसाठी आलीय. घाबरगुंडी उडाली होती ना माझी, जरा सोबतीला. तुझ्या बाबाला सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

"बाबांना का नाही?"

"तो काय म्हणेल ते तुला माहितेय. मन खंबीर ठेव म्हणेल. दाढ दुखली तरी तो मन खंबीर ठेव म्हणतो. आणि कारखान्यात कळलं तर मला मशीनवरून काढून डिंकाच्या टेबलावर बसवतील. जन्मभर डिंक लावत बसू?"

शपथ म्हणजे शपथ. भोंग्याने तीळ तोंडात धरला.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. ही पाहुणी दोन आठवडे झाले तरी हलली नाही, दोन महिने झाले तरी हलली नाही. आत्या त्या दवाखान्याच्या खिडकीवरून महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणायची. डॉक्टरांना भेटायचं मात्र तिने केव्हाच सोडून दिलं होतं. पण पाहुणी आल्यापासून ती पुन्हा झोपायला लागली होती, मशीनवर उभी राहायला लागली होती, आणि घरात तिचं हसू परत आलं होतं. मग भोंगा तरी कशाला तक्रार करेल? हळूहळू पाहुणी घरचीच झाली. तिला औषध असं दोघींपैकी कुणीही कधी म्हटलंच नाही.

आणि इथेच सगळी गोम होती.

त्या शनिवारी सकाळी आत्या कागदाचा गठ्ठा उचलताना घसरली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बरगडीवर आपटली. कारखान्यातून फोन आला, शाळेला सुट्टी होती म्हणून भोंगाच तिला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. फोटो निघाला. बरगडीला तडा.

"दुखणार," डॉक्टर म्हणाले. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. "खोल श्वास घेता आला पाहिजे, म्हणून चार दिवस जरा कडक गोळी देतो. दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली.

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. आत्याच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची एक रेघही नव्हती. कारण ती खोटं बोललीच नव्हती. औषध विचारलं होतं. पाहुणीला औषध कोण म्हणतं?

भोंग्याच्या जिभेवर तीळ सरकला. तिने तोंड उघडलं आणि शपथ आठवून मिटलं. पुढे आयुष्यभर तिला त्या मिटलेल्या तोंडाचा राग येणार होता.

घरी आल्यावर आत्याने दोन घास खाल्ले, नवी गोळी घेतली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. सकाळची पाहुणी तिने नेहमीप्रमाणे कामावर जाण्याआधी घेतलीच होती. भोंगा जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. नव्या गोळीच्या खोक्यात घडी केलेला एक लांबलचक कागद होता. आत्याने सवयीने कात्री मागितली.

"कशाला?"

"केवढा तो कागद. घडी वाकडी आहे त्याची."

"राहू दे ग," भोंगा म्हणाली आणि हातात मिळेल ते मोठ्याने वाचायच्या सवयीने वाचायला लागली. कुठे ठेवावं, किती घ्यावं. मग तिचा आवाज जरा हळू झाला. "घाबरेपणावर किंवा झोपेसाठी औषध घेत असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यास फार गुंगी येऊ शकते, श्वास मंद होऊ शकतो..." ती थांबली. "आत्या. ऐकलंस का?"

"हं."

"घाबरेपणावर म्हणजे पाहुणीच ना?"

"कागदावर काय," आत्या म्हणाली, "सगळंच... लिहून ठेवतात."

'सगळंच' आणि 'लिहून' यांच्यामध्ये एक मोठा खड्डा होता. भोंग्याने वर पाहिलं. आत्याच्या हातातला पाण्याचा पेला हळूहळू कलत होता, पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं, आणि ते तिच्या लक्षातच येत नव्हतं. जी बाई अर्धा केस वाकडी कड खपवून घेत नाही, ती ओल्या मांडीकडे बघत नव्हती.

"आत्या!"

क्रीडादिनाचा आवाज होता तो. आत्याचे डोळे उघडले. "काय ग, ओरडतेस काय," ती म्हणाली, आणि शब्द डिंकात बुडवून काढल्यासारखे बाहेर आले.

पुढच्या मिनिटात भोंग्याने तीन गोष्टी केल्या. आत्याच्या हातातून पेला काढून घेतला. साखरेमागची डबी काढली. आणि डबी मोरीत उपडी करायला हात उचलला. आठ महिन्यांचा सगळा राग त्या हातात होता. जा बाई पाहुणी, वाहून जा एकदाची. पण हात तसाच राहिला. पाहुणीला वाहून जाऊ दिलं तर कुणाला दाखवणार काय? तिने डबी खिशात कोंबली आणि खिडकी उघडली.

खाली, बरोबर रस्त्याच्या पलीकडे, औषधाचं दुकान होतं. तिथल्या काकू इतक्या शिस्तीच्या की गिऱ्हाईक शिंकलं तरी आधी नाव-पत्ता विचारतील.

"काकू," भोंगा खिडकीतून म्हणाली, आणि रस्त्यावरच्या तीन माणसांनी वर पाहिलं. "आत्याला सोडून येता येत नाही. तुम्ही वर या. लगेच."

काकू आल्या. धापा टाकत, हातात दुकानाच्या किल्ल्या. खुर्चीपुढे वाकून त्यांनी आत्याला नावाने हाक मारली, बोट दाबायला सांगितलं, घड्याळात बघत छातीची हालचाल मोजली, ओठांचा आणि नखांचा रंग पाहिला.

"उठतेय, बोलतेय, श्वास ठीक आहे. हळू आहे पण ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काय घेतलं, किती वाजता?"

"ही कडक गोळी, एक वाजता, एकच. आणि..." भोंग्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली. नको. गुंगीतसुद्धा तिला तेवढं समजत होतं.

शपथ म्हणजे शपथ. पण श्वाससुद्धा श्वासच.

"आणि ही," भोंगा म्हणाली आणि डबी पुढे केली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. आठ महिने."

काकूंनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, उजेडात धरलं. "नाव कुठाय?"

पाकिटाला नाव नव्हतं. चपट्या डबीत बसावं म्हणून आत्याने प्रत्येक पाकिटाची कड कापून टाकली होती. एकदम सरळ, एकदम सुंदर. नाव गेलं होतं, ताकद गेली होती, तारीख गेली होती. राहिल्या होत्या नुसत्या गोळ्या आणि कडेला एका अक्षराचा पाय.

"डॉक्टरची चिठ्ठी?"

चिठ्ठी डबीच्या तळाशी होती. तीही कापलेली. वरचं डॉक्टरांचं नाव डबीत मावेना म्हणून उडवलेलं, खालच्या दोन ओळी मावेनात म्हणून उडवलेल्या. मधे फक्त 'सकाळी १, संध्याकाळी १'.

काकूंनी चिठ्ठीच्या तळाच्या स्वच्छ कडेवरून बोट फिरवलं. "इथे काहीतरी लिहिलेलं होतं. वेलांटीचं टोक दिसतंय बघ. बहुतेक किती दिवस घ्यायची आणि कशासोबत घ्यायची नाही, ते. तेच नेमकं शेवटी लिहितात."

"समास," आत्या खुर्चीतून पुटपुटली.

"हो का," काकू म्हणाल्या. "तुमचं हे हस्तकौशल्य पुस्तकांना ठेवा, बाई."

"मी या फेकून देणार होते," भोंगा म्हणाली.

"आणि मी तुझा कान पिळणार होते. आठ महिने रोज घेतलेली गोळी एकदम बंद करायची नसते. झटके येऊ शकतात. तशीच चालू ठेवायचीही नाही आणि एकदम तोडायचीही नाही. डॉक्टर सांगतील तशी उतरवायची. आता ऐक. मी हाडांच्या डॉक्टरांना फोन करते आणि गाडी दारात आणते. तू हिच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नको, काही खायला-प्यायला देऊ नको. हाक मारूनही उठली नाही किंवा श्वास अडखळला तर गाडीची वाट बघत बसायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. आणि कोणता दवाखाना, ते हिच्याकडून काढ. त्यांना नाव लागेल."

काकू जिन्यावरून उतरल्या. खोलीत भोंगा आणि आत्या, दोघीच.

"सांगितलंस," आत्या म्हणाली. डोळे मिटत होते, पण राग जागा होता. "शपथ... घातली होती."

"घातली होती. मोडली. आता मला सांग, पाहुणी कुठून आणतेस? कोणता दवाखाना?"

"नाही. चार तास झोपले की... उतरेल. सोमवारी परीक्षेच्या वह्या कापायच्यात. नऊ हजार. दवाखान्यात नेलंस तर... कारखान्यात कळेल."

"डोळे उघड."

"मला झोपू दे ग, भोंग्या. एवढी छान झोप... कधीपासून आली नाही."

भोंग्याला रडायला वेळ नव्हता. रडणाऱ्या माणसाचा आवाज बसतो, आणि आज आवाज बसून चालणार नव्हतं. ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली, आत्याचे दोन्ही हात धरले आणि खुर्चीच्या दोन हातांवर, लांब लांब, टेकवले.

"आत्या, हे काय आहे?"

आत्याने खाली पाहिलं. डावा हात इकडे, उजवा तिकडे. अठरा वर्षांची सवय. "बटणं," ती म्हणाली.

"एक दाबलं तर?"

"काही नाही. पातं... येत नाही."

"आणि दोन्ही?"

आत्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"शेजारच्या मशीनवर त्याने काय केलं होतं, सांग."

"नको."

"सांग, आत्या."

"एक बटण... तारेनं बांधलं होतं."

"तू आठ महिने तेच केलंयस," भोंगा म्हणाली. आवाज तिने मुद्दामच चढवला नाही. तरी भिंतींनी ऐकला असेल. "रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. एक बटण बांधून ठेवलंयस आणि त्याला पाहुणी म्हणतेस. आज एक वाजता दुसरं दाबलंस. आणि मला सांगतेस झोपू दे. पात्याखाली कोण आहे, बघ तरी."

आत्याचे डोळे पूर्ण उघडले. ती बराच वेळ आपल्या दोन हातांकडे बघत राहिली, दहाच्या दहा बोटांकडे. मग तिने एक हात उचलला. नुसता एकच, आणि छातीशी घेतला.

"जुन्या पुलापलीकडे," ती म्हणाली. "निळं फाटक. बोळात. डॉक्टरीणबाई आहेत... पांढऱ्या केसांच्या. नाव लक्षात नाही."

"गोळीचं नाव?"

"ते मी कधी वाचलंच नाही ग."

खाली काकूंच्या गाडीचा भोंगा वाजला. भोंग्याने आत्याच्या दुसऱ्या, न दुखणाऱ्या बाजूने खांदा दिला.

"उठ. खरा भोंगा आलाय."

हाडांचे डॉक्टर दारातच उभे होते. आत्याला पलंगावर अर्धवट बसतं केलं, बोटाच्या टोकाला चिमटा लावला, आणि भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर आकडे हलायला लागले. मग डॉक्टरांनी चष्मा नाकाच्या टोकावर सरकवला आणि सकाळचाच प्रश्न सकाळच्याच आवाजात विचारला.

"दुसरं काही औषध चालू आहे का?"

भोंग्याने ओठ आवळले. हे उत्तर तिचं नव्हतं. उभ्या आयुष्यात इतकं अवघड काही तिने केलं नव्हतं.

"आहे," आत्या म्हणाली. "घाबरेपणाची गोळी. आठ महिने. सकाळी मी नाही म्हटलं. ते... मी तिला औषध समजतच नव्हते."

"समजत नव्हतात, की सांगायचं नव्हतं?"

"दोन्ही," आत्या म्हणाली.

डॉक्टर रागावतील असं भोंग्याला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली, निळ्या फाटकाच्या दवाखान्याचा नंबर काकूंनी शोधून ठेवला होता तो घेतला आणि आत जाऊन फोन केला. परत आले तेव्हा त्यांच्या कागदावर गोळीचं नाव होतं, ताकद होती, आणि कापून टाकलेल्या दोन ओळीही होत्या.

"त्यांच्या वहीत नक्कल आहे," ते म्हणाले. "वाचतो. 'दोनच आठवडे, मग परत दाखवणे. कडक वेदनाशामक, झोपेच्या गोळ्या, दारू यांच्यासोबत नको. गुंगी वाटल्यास मशीन चालवू नये.' "

आत्याने डोळे मिटले, पण या खेपेला गुंगीने नाही.

"गोळी वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा तुम्हाला गरज होती. पण ती विचारून, सांगून घ्यायला हवी. कुणी रात्री घोरताना श्वास अडकणारा असतो, कुणी पोटुशी असते, कुणी म्हातारं असतं आणि तोल जाऊन पडतं. त्या सगळ्यांत ही जपून द्यावी लागते, कधी देताच येत नाही. मी विचारलं ते उगाच नाही विचारलं. संध्याकाळपर्यंत इथेच राहायचं. बरगडीची गोळी बदलतो. पाहुणीचं... काय म्हणता तुम्ही तिला?"

"पाहुणीच," भोंगा म्हणाली. तेवढं बोलल्यावाचून तिला राहवलं नाही.

"पाहुणीचं त्या बाई ठरवतील. परवाची वेळ घेतलीय. तोवर संध्याकाळच्या गोळीचं काय करायचं ते मला विचारून. स्वतःच्या डोक्याने नाही."

पाचच्या सुमाराला बाबा आले. अंगावर बसचा गणवेश, काखेत टोपी. काकूंनी त्यांना दारातच सगळं सांगितलं असावं, कारण ते काही न विचारता पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. बोटावरचा चिमटा, पडद्यावरचे आकडे, बहिणीचा चेहरा, असं एकेक बघत राहिले.

"आठ महिने," शेवटी ते म्हणाले. "मला सांगायचं नाही का ग?"

"तू काय म्हणाला असतास, दादा?"

बाबांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मन खंबीर ठेव म्हणालो असतो," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. म्हणालो असतो, हे खरंय." त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं. "मागच्या साली टेकडीच्या उतारावर माझे ब्रेक लागेनात, आठवतं? त्यानंतर महिनाभर मी उताराच्या फेऱ्या बदलून घेत होतो. कुणाला सांगितलं नाही."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "मला सांगायचं नाही का?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"मन खंबीर ठेव," आत्या म्हणाली, आणि हसायला गेली तशी बरगडीत कळ येऊन "आई ग" म्हणत बसली. भोंगा आणि बाबा दोघंही एकदम उठून उभे राहिले. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी होते.

निळ्या फाटकाच्या डॉक्टरीणबाई खरंच पांढऱ्या केसांच्या होत्या. खिडकीवरून आठ महिने गोळ्या देत राहिलेल्या त्यांच्या माणसाला त्यांनी आत्यासमोरच धारेवर धरलं, आणि मग आत्यालाही. बोलायला यायचं, दर आठवड्याला, त्या म्हणाल्या. भीती डबीत ठेवून जात नाही. पाहुणीला हाताला धरून बाहेर काढायचं नाही, दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत पोचवायला जायचं. त्याला चार महिने लागतील, कदाचित पाच. आणि तोवर मशीन नाही.

मंगळवारी आत्या स्वतः कारखान्यात गेली. भोंगा शाळेच्या आधी तिच्यासोबत दारापर्यंत गेली आणि बाहेर थांबली. आतून आत्याचा आवाज ऐकू येत होता. लहान होता, पण एकदाही अडखळला नाही. "मी गोळी घेते. काही महिने मशीनवर उभी राहणार नाही. आणि शेजारच्या मशीनची ती तार अजून खिळ्याला लटकतेय, ती आज माझ्यासमोर फेका."

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डिंकाचा ब्रश होता.

"वाईट वाटलं?" भोंग्याने विचारलं.

"वाटलं," आत्या म्हणाली. "पण डिंक लावणाऱ्यांच्या टेबलावर गप्पा भारी असतात. मशीनवर कधी ऐकूच आल्या नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी गोळी कशी कमी करायची त्याचा तक्ता दिला होता. लांबच लांब कागद, चार महिन्यांचे रकाने, सर्वांत वर पाहुणीचं खरं नाव, सर्वांत खाली बारीक अक्षरात सहा ओळी. त्या संध्याकाळी आत्याने तो साखरेच्या डब्याशेजारच्या भिंतीवर धरून पाहिला. कपाटाच्या कडेखाली तो चार बोटं लोंबत होता, आणि वाकडाही होता.

तिने कात्री उचलली.

भोंगा नुसती टेबलापलीकडून बघत राहिली.

आत्याने कात्री उघडली, मिटली आणि परत खणात टाकली. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. मग मागे सरून, कपाळाला आठ्या घालून, तिने ते खरं नाव पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं. सहा अक्षरांचं, जिभेला गाठ मारणारं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं.

"आता खालचं," भोंगा म्हणाली.

"वाचतेय ग," आत्या म्हणाली, आणि तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.